आरोग्याचे नकाशे आणि ‘फुकटचं’ सॉफ्टवेअर

सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक सल्ला सतत फिरतो: ‘क्यूजीआयएससारखी नकाशे बनवायची फुकटची सॉफ्टवेअरं सरावापुरती ठीक. संशोधनात त्यांचा भरवसा नाही, रुग्णांची माहिती उघडी पडते, अडलं तर विचारायला कोणी नसतं, आणि फुकटच्या नकाशांत खेडी नसतातच. विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना घ्या, नाहीतर नकाशाचा नाद सोडा.’ तालुक्याच्या गावी काम करू पाहणारी मुलं हे वाचून माघार घेतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

भरवशाचं आधी पाहू. ग्रास हे नकाशांचं मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं, सॉफ्टवेअर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत आकाराला आलं. वाटेतले रस्ते, चढ आणि नद्या धरून दवाखान्यापर्यंत पोचायला किती वेळ लागेल, हे काढणारं जागतिक आरोग्य संघटनेचं ‘अॅक्सेसमॉड ५’ याच ग्रासवर आणि ‘आर’ या संख्याशास्त्राच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर उभं आहे. गणित कसं केलं ते इथे कोणीही उघडून तपासू शकतं. संशोधकाला आणखी काय हवं?

खऱ्या चुका होतात त्या माहितीत. १ ऑगस्ट २०१४ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. हे ध्यानात न घेता ठाण्याचे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले, तर पालघरात गेलेल्या जव्हार-मोखाड्याची कुपोषित मुलं हिशेबातून निघून जातात आणि ठाणं एका वर्षात सुधारल्यासारखं दिसतं. तेच लहान वस्त्यांचं. २०० माणसांच्या पाड्यावर एक रुग्ण सापडला की दर हजारी ५ होतो आणि पाडा नकाशावर लालभडक! असे डळमळीत दर शेजारच्या गावांच्या आधाराने सावरून घ्यावे लागतात. जिओडा या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, पण ती वापरायची हे संशोधकाला कळायला हवं. महागडा परवाना ते शिकवत नाही.

गोपनीयतेबद्दल तर निव्वळ गैरसमज आहे. खुला असतो तो कोड. क्यूजीआयएस आपल्याच संगणकावर, इंटरनेट बंद ठेवूनही चालतं. रुग्णांचे पत्ते अक्षांश-रेखांशांसाठी ऑनलाइन सेवेला पाठवले, किंवा छापील नकाशात क्षयरुग्णाच्या घरावरच ठिपका ठेवला, तर माहिती फुटते. विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही ती तशीच फुटेल.

मदतीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे; परवान्याबरोबर मिळणारा मदतीचा फोन नंबर इथे नसतो. पण पैसे घेऊन क्यूजीआयएसचं काम करून देणाऱ्या कंपन्याही आहेत.

राहिली खेडी. २०१४च्या मार्चमध्ये गिनीतल्या गेकेदू भागात इबोला पसरला, तेव्हा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या पथकांकडे तिथले नीट नकाशे नव्हते. उपग्रहाची छायाचित्रं पाहून जगभरच्या स्वयंसेवकांनी ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या फुकटच्या नकाशावर तिथले रस्ते, घरं आणि वस्त्या रेखाटल्या, तेही काही दिवसांत. छायाचित्रावरून वस्तीचं नाव मात्र कळत नाही. ते तिथल्याच माणसाकडून घ्यावं लागतं. आपल्याकडे ही नावं आशाताईंना तोंडपाठ असतात. धडगाव-अक्कलकुव्यात काम करणाऱ्यांनी त्यांच्यासोबत बसून पाड्यांची नावं आजपासूनच भरायला घ्यावीत.