मजा करायची असेल तर बागेत जा, म्हणे!

पावसाळा सुरू झाला की आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक, साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातल्या धुक्याचे फोटो. दुसरा, तो मेसेज. "खरी पॅशन असेल तर कंटाळा येत नाही. विजेते एकही दिवस चुकवत नाहीत. वेदना म्हणजे शरीरातून बाहेर पडणारा दुबळेपणा. जग झोपलेलं असतं तेव्हा उठाल तरच पुढे जाल. टायमिंग सुधारत नसेल तर तुमची भूक कमी पडतेय. आणि मजाच करायची असेल तर बागेत फिरायला जा." खाली उगवता सूर्य आणि आगीचे तीन इमोजी. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. त्यातला एक ग्रुप आमच्या सोसायटीचा आहे, जिथे एरवी टँकर कधी येणार यापलीकडे चर्चा जात नाही.

मी एकेचाळिसाव्या वर्षी धावायला लागले, आता पन्नाशीला टेकले आहे. तीन फुल मॅरेथॉन, डझनभर हाफ. पोडियमशी माझा संबंध दुसऱ्यांचे फोटो काढण्यापुरता. पण असले मेसेज माझ्यासारख्यांसाठीच लिहिलेले असतात, तेव्हा उत्तरही माझ्यासारखीनेच दिलेलं बरं.

पहिलं वाक्य घेऊ. खरी पॅशन असेल तर कंटाळा येत नाही. एड व्हिटलॉक नावाचे एक आजोबा कॅनडात होऊन गेले. २००४ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, त्यांनी टोरांटोत २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली. पुढे २०१६ मध्ये, ८५व्या वर्षी, चार तासांच्या आत. आमच्या ग्रुपमधल्या तिशीतल्या पोरांना जमत नाही ते. आणि सराव कुठे? घराजवळच्या एका दफनभूमीत. त्याच त्या वाटेवर, गोल गोल, कधी कधी तीन तास. हे आवडतं का, असं विचारलं की ते सरळ सांगत, सराव म्हणजे रटाळ काम आहे. त्यांना शर्यत आवडायची, विक्रम मोडायला आवडायचं. मेसेजच्या मोजपट्टीने या माणसाची पॅशन खोटी ठरते!

घोळ असा आहे की ओढ, उत्साह आणि आनंद या तिन्हींना मेसेजने एकाच पिशवीत कोंबलंय. ओढ वर्षानुवर्षं टिकू शकते. उत्साह मात्र पावसासारखा, मंगळवारी असतो, बुधवारी नसतो. आणि आनंद कधी धावताना मिळतो, कधी धावून झाल्यावर, कधी फक्त संध्याकाळी पाय वर करून बसल्यावर. पोळ्या लाटताना रोज आनंद होत नाही म्हणून स्वयंपाकाची आवड खोटी, असं कोणी म्हणत नाही. नवशिक्यांचं नुकसान इथेच होतं. दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो, मग वाटतं हे आपलं काम नव्हे, आणि बूट कपाटात जातात. कंटाळा सगळ्यांनाच येतो, एवढं सांगितलं असतं तर त्यातले निम्मे टिकले असते, असा माझा अंदाज.

आता दुसरं, एकही दिवस न चुकवण्याचं. याची किंमत मी मोजली आहे, म्हणून जरा सविस्तर.

काही वर्षांपूर्वी शंभर दिवसांचं चॅलेंज घेतलं होतं, रोज किमान पाच किलोमीटर. अडतिसाव्या दिवशी ताप होता. तरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घड्याळात पाच किलोमीटर दिसेपर्यंत गोल गोल फिरले. वॉचमन विचारत होता, ताई, काही हरवलंय का? पन्नासाव्या दिवसानंतर डाव्या नडगीत दुखायला लागलं. बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा. एकाहत्तराव्या दिवशी जिना उतरता येईना. एमआरआय, स्ट्रेस फ्रॅक्चर (म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर), आठ आठवडे धावणं बंद. चॅलेंजही गेलं आणि ज्या हाफसाठी हा सगळा आटापिटा होता तीही गेली.

हाड कसं पक्कं होतं ते मला नंतर कळलं. नवा ताण पडला की शरीर आधी तिथलं जुनं हाड पोखरून काढतं, मग नवं भरतं. पोखरणं लवकर होतं, भरणं सावकाश. आपल्याकडे रस्ता खोदल्यावर होतं तसंच. मधले काही आठवडे हाड आधीपेक्षा कच्चं असतं, आणि नेमका तेव्हाच दम वाढलेला असतो, कारण हृदय आणि स्नायू लवकर सुधारतात. म्हणजे इंजिन नवं आणि चासी अर्धवट. सुट्टीच्या दिवशी आपण काही करत नाही असं वाटतं, पण भरणीचं काम तेव्हाच चालू असतं.

आणि रोज चालण्याचा एवढा अभिमान असेल तर वारीकडे बघा. ज्या पालखी सोहळ्याची शिस्त आमच्या साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी बसवली, तो आळंदीहून निघतो आणि पुण्यात दोन मुक्काम करतो. दिवे घाट चढून सासवडला पोचला की तिथे पुन्हा दोन. वाटेत ठरलेले विसावे वेगळेच. त्यामुळे भक्ती कमी पडली असं कोणा वारकऱ्याला वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मला मात्र तेव्हा तसं वाटायचं. सुट्टी घेतली की दिवसभर चिडचिड. त्याला मी पॅशन म्हणत होते. रॉबर्ट व्हॅलरँड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने २००३ साली आवडीचे दोन प्रकार मांडले. एक, जी बाकीच्या आयुष्याशी जुळवून घेते. दुसरी, जी मानगुटीवर बसते. त्यांच्या अभ्यासात क्वेबेकमधले सायकलवाले होते. तिथे हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ असतो, सायकल चालवणं धोक्याचं. तरीही जे चालवत राहिले त्यांच्यात दुसऱ्या प्रकारची आवड जास्त दिसली. हे वाचलं तेव्हा मला ते पार्किंग आठवलं. ताप असताना मी काही हौसेने फिरत नव्हते. न फिरल्यास काय वाटेल, या भीतीने फिरत होते.

वेदना आणि दुबळेपणाबद्दल फार लिहायला नको. घाट उतरल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या भरून येतात, तीन-चार दिवसांत उतरतात, ते चालायचंच. एकाच पायात, एकाच जागी, दिवसेंदिवस वाढत जाणारं दुखणं वेगळं. आणि छातीत दुखत असेल तर मेसेज नाही, डॉक्टर बघायचा. हे वाक्य फॉरवर्ड करणाऱ्यांवर माझा राग आहे, तो आहेच.

"जग झोपलेलं असतं तेव्हा उठा." कोणाचं जग? आमच्या ग्रुपमधले बरेच पुरुष चारला उठतात, त्यांचं कौतुक होतं. त्यातल्या कित्येकांच्या घरी सव्वाचारला चहाचं आधण ठेवणारी कोणीतरी उठलेलीच असते. तिला पदक नाही. मी रविवारी लाँग रनला जाते तेव्हा मुलाचं आणि सासऱ्यांचं नवरा बघतो, आणि त्याबदल्यात शनिवारची संध्याकाळ त्याची असते. हा करार व्हायला तीन वर्षं आणि दोन मोठी भांडणं लागली. हौशी धावणाऱ्याच्या ट्रेनिंग प्लॅनमध्ये हा रकाना कोणी छापत नाही. घरात धुसफूस असेल तर वीस किलोमीटर कापूनही डोकं हलकं होत नाही.

टायमिंगचा मुद्दा मात्र मला खरंच विचार करायला लावतो, कारण त्यात थोडं तथ्य आहे. आकडा कमी होताना बघून बरं वाटतं, मलाही वाटतं. पण १९७३ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत चित्रं काढायला आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र अचानक दिलं. काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेली मुलं आपणहून काढण्यात जवळपास निम्माच वेळ घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मिळणाऱ्या फिनिशर मेडलची रिबीन मोठ्यांसाठी असते, एवढाच फरक. मेडल वाईट नाही. मेडल नसेल तर जाणार नाही, इथवर आलात की बघा.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स शर्यत साधारण ९० किलोमीटरची, १९२१ पासूनची. महाराष्ट्रातूनही दरवर्षी लोक जातात. पहिल्या वर्षीचा विजेता बिल रोवन ८ तास ५९ मिनिटांत पोचला होता. आज नऊ तासांच्या आत येणाऱ्या साध्या हौशी धावकाला त्याच्या नावाचं पदक मिळतं. म्हणजे त्या काळचा पहिला नंबर आजच्या गर्दीत कुठेतरी मिसळून जातो! सायकलवाल्यांच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीत, तर नंबरच नसतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस. वेळेत या, कार्डावर शिक्के घ्या, वाटेत मिसळ खा. त्या लोकांची भूक कमी आहे असं म्हणायची हिंमत करून बघावी, विशेषतः मिसळीच्या वेळी.

राहता राहिली बाग. मजा आणि मेहनत यांचं वैर आहे, असं मेसेजला वाटतं. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल दर्जाचे धावपटू, स्कीपटू, नौकाचालक कसा सराव करतात ते तपासलं. त्यांची साधारण ८० टक्के सत्रं सोपी असतात, गप्पा मारता येतील अशा वेगाची. उलट आम्ही हौशी लोक रोजच मध्यम जोर लावतो. सोप्या दिवशी जास्त पळतो आणि अवघड दिवशी दमलेले असतो. का, तर हळू पळताना कोणी बघेल. मीही पोवई नाक्यावर ओळखीचं कोणी दिसलं की वेग वाढवायचे. आता घाटात मैत्रिणीशी बोलत चढते. तिच्या सुनेच्या गोष्टी संपेपर्यंत वरचं वळण येतं. श्वास लागून गोष्ट तुटली की समजायचं, वेग जास्त झाला. हे मोजायला घड्याळ लागत नाही.

आपल्याला हौशी म्हणतात, आणि मराठीत या शब्दाच्या पोटात हौस आहे. ज्याला पगार मिळतो, त्याने मन नसतानाही मैदानावर जाणं मी समजू शकते. आपल्याला उलट पदरचे पैसे भरून बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, मिळतो.

मेसेजमध्ये एक वाक्य खरं होतं, शेवटी बारीक अक्षरात. पहिली दहा मिनिटं सगळ्यात अवघड. ते मी उचललंय. कंटाळा आला तरी बूट घालून बाहेर पडायचं, दहा मिनिटं पळायचं, तरीही नको वाटलं तर परत फिरायचं, आणि त्याचा हिशेब ठेवायचा नाही. तरी सांगते, या पावसाळ्यात चारदा परत आले. तीनदा खरंच अंगात नव्हतं. चौथ्यांदा कोपऱ्यावरच्या गाड्यावर कांदाभजी पडली होती.