गळवाल्यांनो, पावती फाडा की

दर रविवारी रात्री माझ्या फीडवर एक भला मोठा कटला येतो. मागं साताऱ्याकडच्या धोम नाहीतर कण्हेर धरणाचं पाणी, गळाला लागलेला मासा छातीशी धरलेला हौशी गॉगलवाला, खाली लाइकचा पाऊस. मासा झकास असतो, वादच नाही. पण तो कोणाचा?

"पाण्यातला मासा सगळ्यांचा," असं गळवाले म्हणतात. नदीत एक वेळ चालेल हे. धरणात नाही. कटला, रोहू, मृगळ साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून धरणात बीज सोडावं लागतं. तलाव ठेक्यानं घेणारी मच्छीमार सोसायटी पैसे मोजून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणते, सोडते आणि मासा वाढायची वाट बघते. सभासद बहुतेक भोई-कोळी, पहाटे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून तंगूसची (नायलॉनच्या दोऱ्याची) जाळी काढणारे. तुमच्या गळाला लागतो तो त्यांनी पैसे घातलेला मासा.

एका गळानं काय होतंय? काही नाही. पण काठावर गाड्यांची रांग आणि एकेकाचे चार-चार रॉड असले की होतं. बरं, तोटा नुसता किलोत मोजायचा नसतो. मासळी खपते रविवारी. पाच किलोचा कटला घरी नेला की निम्मा शेजारीपाजारी जातो, आणि त्या चार घरांतलं कोणी त्या दिवशी बाजारात फिरकत नाही. काही महाभाग ढाब्यावर विकूनही येतात. यांचं पेट्रोल पगारातून निघालेलं, त्यामुळे मिळेल त्या भावाला देऊन मोकळे. ज्याची चूल मासळीवर पेटते त्यानं त्या भावाशी कशी टक्कर द्यायची?

हौशी लोकांमुळं गावात पैसा येतो म्हणतात. येतो ना, रिसॉर्टात आणि ऑनलाइन गळाचं रीळ विकणाऱ्याकडं. तराफ्यापर्यंत येत नाही.

गळवाले काही मच्छीमारांचे सगळ्यात मोठे वैरी नव्हेत. सांगलीकडं कृष्णेत सांडपाण्यानं मेलेल्या माशांचा खच पडतो, त्यापुढं हे किरकोळच. आणि अंडी घालायला प्रवाहावर चढणारे गाभोळीभरले मासे बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यात ओढणारे आपलेच लोक, तेही मान्य. म्हणून फुकट मासा न्यायचा?

हिमाचलात ट्राउटला गळ टाकायचा तर परवाना काढावा लागतो. अमेरिकेत 1950 च्या कायद्यापासून रॉड-रिळांवरच्या कराचा पैसा मासे राखायला राज्यांना मिळतो. आपल्याकडं सोसायटीलाच दिवसाची पावती फाडू द्या, पैसा थेट बोटुकलीच्या खात्यात. दोन मासे न्या, बाकीचे सोडा. खडस, म्हणजे महसीर, लागला तर फोटो काढून लगेच पाण्यात. विक्री बंद, जून-जुलैत गळही बंद.

सरकार हे करेल तेव्हा करेल. तुम्ही पुढच्या रविवारी येताय ना? मग आधी सोसायटीचा माणूस गाठा, दिवसाचं काय द्यायचं ते विचारा, शक्य असेल तर त्यालाच वाटाड्या म्हणून सोबत घ्या. मासा कुठं लागतो हे तुमच्या फिशफाइंडरपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं. आणि गळाला काहीच नाही लागलं तर जाताना त्याच्याकडूनच किलोभर घ्या. घासाघीस न करता.