टोमॅटो-चीज टोस्टमधला टोमॅटो कच्चाच हवा

उन्हाळा सुरू झाला की टोमॅटो-चीज टोस्टचे फोटो दिसायला लागतात, आणि बहुतेक फोटोंत टोमॅटोचा चीजखाली शिजून लगदा झालेला असतो. माझं मत स्पष्ट आहे: चीज वितळवा, टोमॅटोला आच दाखवू नका. उकाड्यात तोंडाला चव येते ती ताज्या टोमॅटोच्या आंबटगोड रसाने. तो ओव्हनमध्ये गेला की ताजेपणाही जातो आणि पाव भिजायचा तो भिजतोच.

'टोस्ट मऊ पडतो' म्हणून पावाला दोष देऊ नका. टोमॅटोत जवळजवळ ९४-९५ टक्के पाणीच असतं. चिरून मीठ लावलं की ते सुटणारच. ते टोस्टवर सुटू द्यायचं की आधीच चाळणीत, एवढंच आपल्या हातात आहे.

८ टोस्टसाठी मध्यम आकाराचे ४ टोमॅटो, म्हणजे साधारण अर्धा किलो. पूर्ण पिकलेले, पण हाताला घट्ट लागणारे घ्या. फ्रिजमधून थेट काढलेल्या टोमॅटोला वास कमी येतो, त्यामुळे ते बाहेरच ठेवलेले बरे. आडवे अर्धे कापून बियांचा गर चमच्याने एका वाडग्यात काढा. हा गर फेकायचा नाही, टोमॅटोची खरी चव त्यातच जास्त असते. उरलेल्या भागाच्या १ सेंटीमीटरच्या फोडी करा, अर्धा छोटा चमचा मीठ चोळा आणि चाळणीत १५ ते २० मिनिटं निथळू द्या. चाळणी त्याच वाडग्यावर ठेवा. फार वेळ ठेवलंत तर फोडी लिबलिबीत होतात.

पाव जाड सालीचा असावा, काप दीड सेंटीमीटरचे. आदल्या दिवशीचा असेल तर उत्तमच. २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये दोन्ही बाजू ४-५ मिनिटं भाजा. तव्यावर करणार असाल तर आच मंद ठेवा. मोठ्या आचेवर वरून रंग येतो, पण आत ओल राहते, आणि तीच ओल नंतर वाफ होऊन कुरकुरीतपणा घालवते. भाजलेले काप ताटात पसरू नका, जाळीवर ठेवा, नाहीतर खालून घाम धरतात. गरम असतानाच अर्धी कापलेली लसणाची पाकळी त्यांच्यावर घासा. खरखरीत पृष्ठभागावर ती किसली जाते आणि पुरेसा वास लागतो. कच्चा लसूण बारीक चिरून टोमॅटोत घातला तर बाकी कशाचीच चव लागत नाही.

आता चीज. एका कापाला १५ ग्रॅम पुरे. ते अगदी कडेपर्यंत पसरा, कारण चीजमधल्या स्निग्धांशामुळे टोमॅटोचा रस पावात लगेच झिरपत नाही. मोझरेला वितळतं छान, पण चवीला सौम्य. त्यात थोडं चेडर मिसळा. चीजची वडी आणून घरी किसा. तयार किसलेल्या चीजला तंतू चिकटू नयेत म्हणून बहुधा स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे ते तितकं एकजीव होत नाही. पाण्यातलं ताजं मोझरेला वापरायचं असेल तर काप करून कोरड्या कापडावर १० मिनिटं टिपून घ्या. फेटा आणि पनीर वितळत नाहीत, त्यांच्याकडून हे काम होत नाही. चीज लावलेले टोस्ट २-३ मिनिटंच ओव्हनमध्ये ठेवा. वितळलं की लगेच बाहेर. जास्त तापलं तर तेल सुटतं आणि उरलेलं चीज रबरासारखं होतं.

निथळलेल्या फोडींत १ मोठा चमचा ऑलिव्ह ऑइल, ताजी मिरपूड आणि हाताने तोडलेली बेसिलची ८-१० पानं घाला. पानं अगदी शेवटी, आधी घातलीत तर काळी पडतात. वरून मीठ घालण्याआधी चीजबरोबर एक फोड खाऊन बघा, बहुतेक वेळा गरज लागत नाही. टोस्ट मिनिटभर निवला की वर टोमॅटो ठेवा आणि १० मिनिटांच्या आत वाढा. पाहुणे येणार असतील तर टोमॅटो निथळून आणि पाव भाजून तयार ठेवा, चीज आणि जुळवाजुळव ते बसल्यावर.

वाडग्यातला गर आणि रस गाळून त्यात चमचाभर ऑलिव्ह ऑइल आणि थोडं व्हिनेगर फेटा. काकडीच्या सॅलडवर घालायला याहून चांगलं ड्रेसिंग नाही, फक्त सॅलडला वेगळं मीठ लावू नका.