कुक्कू क्लॉकच्या दुरुस्तीला दिलेल्या एक स्टारबद्दल आमचं म्हणणं

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. आम्ही दुरुस्त केलेलं तुमचं कुक्कू क्लॉक, म्हणजे पक्षी ओरडून वेळ सांगणारं घड्याळ, घरी नेल्यावर दुसऱ्याच दिवशी बंद पडलं आणि तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी.

पण "नुसतं तेल घालायला तीन आठवडे लावले" हे जे तुम्ही लिहिलंय ना, ते फार लागलं. कारण सर, तेल घालणं हे त्यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम असतं. तुमचं घड्याळ आलं तेव्हा आत कुणीतरी दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे भरपूर मारलेला होता, कोणी मारला ते मी तेव्हाही विचारलं नाही. तो मारला की थोडे दिवस घड्याळ छान चालतं, मग तो चिकट होतो, धूळ धरतो आणि चाकांच्या आसांची टोकं पितळी प्लेटच्या भोकांत फिरतात तिथे काळा चिखल साचतो जो पितळेला सँडपेपरसारखा खात बसतो. त्याच्यावरच नवीन तेल टाकून अर्ध्या तासात तुमच्या हातात घड्याळ देता आलं असतं, तुम्ही खूशही झाला असतात, पण ते काम आम्ही करत नाही. काटे उतरवले, भात्यांच्या (पक्ष्याचा आवाज काढणारे हवेचे दोन छोटे कागदी भाते) तारा सोडवल्या, मशीन बाहेर काढून पूर्ण खोललं, धुतलं आणि प्रत्येक भोक लाकडी काडीने साफ केलं, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. त्यानंतर घड्याळाचं तेल, तेही सुईच्या टोकावर राहील एवढंच, फक्त टोकं प्लेटमध्ये फिरतात तिथे. दात्यांना नाही, साखळीला नाही, भात्याला तर अजिबात नाही.

आणि भात्याचं तुम्ही लिहिलंच नाही! एका भात्याचा कागद घडीवर चिरला होता म्हणून "कुक्" नीट यायचं आणि "कू"च्या जागी नुसती हवा. तो पक्षी 24 तासांत तासाचे 156 आणि अर्ध्या तासाचे 24 असे 180 वेळा ओरडतो, प्रत्येक वेळी दोन्ही भाते उघडतात-मिटतात, मग कागद टिकणार किती? तो नवीन लावला, डिंक पूर्ण वाळू दिला.

मग टेस्टिंग. लोलकाच्या दांडीवरचं सरकतं पान जरा वर सरकवलं की घड्याळ पुढे पळतं, खाली केलं की मागे पडतं, पण किती फरक पडला ते एक अख्खा दिवस गेल्याशिवाय कळतच नाही, म्हणजे एकेका बारीक बदलाला एकेक दिवस. याला कोणी वेळकाढूपणा म्हटलं की वाईट वाटतं हो. इथे आमच्या भिंतीवर ते न थांबता चालत होतं, ते बघूनच दिलं.

आता बंद का पडलं. तुम्हीच टाकलेल्या फोटोत घड्याळ खालून डावीकडे सरकलेलं स्पष्ट दिसतंय. कुक्कू क्लॉक जरा जरी तिरकं असलं की ठोका लंगडतो, टिक... टकटिक... टक असा, आणि थोड्या वेळाने लोलक थांबतो. घड्याळाचा खालचा भाग हळूहळू उजवीकडे-डावीकडे सरकवत दोन्ही ठोके सारख्या अंतराने येईपर्यंत कान देऊन ऐका, नजरेला सरळ दिसतंय की नाही ते सोडून द्या, कानाचंच खरं. जमलं की कडेने भिंतीवर पेन्सिलची रेघ मारा म्हणजे पुसताना हललं तरी परत जागेवर आणता येईल. हे मी देताना सांगितलं होतं, पण तेव्हा तुम्ही फोनवर होतात, असू दे.

तुम्ही चिडलात ते मी समजू शकतो, पण "फसवतात" हा शब्द वाचून माणूस दुकानाची पायरीसुद्धा चढत नाही आणि आमचं घर याच कामावर चालतं. यापुढे टांगायचं कसं ते कागदावर लिहून द्यायचं आणि उशीर होणार असेल तर आधी कळवायचं, तसं काहीतरी नक्की करतोय.

एवढं करूनही थांबलं तर घेऊन या, वेगळे पैसे घेणार नाही. फक्त काढताना वजनं आणि लोलक आधी उतरवा, साखळ्या मशीनच्या अगदी खाली तारेने बांधा आणि घड्याळ उभंच आणा, आडवं केलं की साखळी आतल्या चाकावरून निसटते.