मी अत्यंत दिलगिर आहे

तीन वर्षांपूर्वी जूनमधल्या स्टाफ मीटिंगला मी दहा मिनिटं उशिरा पोचलो. तेवढ्या दहा मिनिटांत मला शिस्त समितीवर घालून झालं होतं. समितीच्या जागा भरायची आमच्या कॉलेजची हीच जुनी रीत आहे. उशिरा येणाऱ्याने मुलांना वेळेचं महत्त्व शिकवायचं. त्यानंतर मी एकाही मीटिंगला उशीर केलेला नाही, पण समिती काही सुटली नाही.

एरवी मी अकाउंट्स शिकवतो. समितीत मात्र सकाळी सव्वासातला गेटवर उभं राहून आयकार्डं तपासतो. पुण्यात हे काम वाटतं तितकं सोपं नाही. आयकार्डावर चेहऱ्याचा फोटो असतो आणि स्कूटरवरून येणाऱ्या मुलीचे फक्त डोळे दिसतात. वर गॉगल असला तर तेही नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी एकीला दरडावून स्कार्फ काढायला लावला, तर आतून अर्थशास्त्राच्या मॅडम निघाल्या. तेव्हापासून मी हेल्मेट, स्कार्फ, टोपी, सगळ्यांनाच गुड मॉर्निंग म्हणून आत सोडतो.

रॅगिंगच्या बाबतीत मात्र मी ढिलाई करत नाही. राज्याचा कायदा १९९९ चा आहे. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, वर पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही कॉलेजचं दार बंद. २००९ पासून यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाने मुलाचं आणि पालकाचं, अशी दोन हमीपत्रं घ्यावी लागतात. पालक ती न वाचता सही करतात. मी त्यांना बसवून वाचायला लावतो आणि ते माझ्याकडे विमा एजंटकडे बघावं तसं बघतात.

पण ते वर्षातून एकदाच. रोजचं दुखणं म्हणजे ७५ टक्के हजेरी. जुलै उजाडला की अर्धा वर्ग ढोल पथकात आणि उरलेल्यातले बरेच पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेच्या तालमीत. जी वर्गात येतात, त्यांच्या बोटांना चिकटपट्ट्या असतात. मी फळ्यावर ताळेबंद मांडत असतो आणि मागच्या बाकावर ठेका सुरू असतो. खरं सांगू? ठेका चांगला असतो, ताळेबंद जुळत नसतो.

अशाच एका सकाळी मी हजेरी घेताना ‘रोल नंबर चौतीस’ म्हटलं आणि वर्गाच्या दोन कोपऱ्यांतून एकदम ‘प्रेझेंट सर’ आलं. चौतीस स्वतः नदीपात्रात ढोल बडवत होता. दोन मित्रांनी एकमेकांना न विचारता मैत्री निभावली आणि तिघंही समितीपुढे आले.

आता समितीपुढे आलेल्याने माफीनामा द्यायचा असतो. सुरुवातीला मुलांना तो लिहिता येत नसे. एकाने ‘सॉरी सर, विषय संपला’ एवढंच लिहून खाली सही ठोकली होती. शेवटी वैतागून मीच एक नमुना टाइप केला आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ‘माझ्या हातून घडलेल्या गैरवर्तनाबद्दल मी अत्यंत दिलगिर आहे’, इथपासून ‘आपला आज्ञाधारक विद्यार्थी’पर्यंत. माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लेखन हेच. पुढे हीच ओळ प्रॉक्सीला, पार्किंगला, लायब्ररीत वडापाव खाण्याला, सगळ्यालाच चालू लागली. मुलीसुद्धा ‘आज्ञाधारक विद्यार्थी’ असंच लिहितात. एकाने तर खालची तारीखही मागच्या वर्षीचीच ठेवली होती.

यंदा ऑगस्टमध्ये चौतीस पुन्हा सापडला, अंतर्गत परीक्षेत, चिठ्ठीसकट. बसच्या तिकिटाएवढा कागद, मुडपून केलेली घडी, आणि त्यावर भागीदारीचं विसर्जन आख्खं. मथळे लाल शाईत, आकडे निळ्या, आणि खाली दुहेरी रेघसुद्धा. हेच त्याने उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं तर मी दहापैकी नऊ दिले असते. विद्यापीठाची परीक्षा असती तर परफॉर्मन्स, म्हणजे त्याची अख्खी परीक्षाच, रद्द होण्यापर्यंत गेलं असतं. घरचीच परीक्षा, म्हणून माफीनामा आणि पालकांना बोलावणं यावर भागलं.

पालक म्हणून आजी आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. समोर बसत म्हणाल्या, “वडील बंगळुरूला असतात. मी नारायण पेठेतून चालत आले. काय केलंय ह्याने?”

मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट बघितली. “अक्षर सुधारलंय,” त्या नातवाला म्हणाल्या. मग माफीनामा हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि पिशवीतून लाल पेन काढलं. ज्या बाईच्या पिशवीत लाल पेन असतं तिच्यापुढे आपण सरळ बसावं, एवढं मला कळतं. मी सरळ बसलो.

“चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय मी,” त्या म्हणाल्या. “दिलगिरीतला गि ऱ्हस्व. पण दिलगीरमधला दीर्घ. हे काय लिहिलंय?” आणि ‘गि’भोवती एक टपोरं लाल वर्तुळ उमटलं. “स्वतःच्या चुकीबद्दल लिहितोस, तेही चुकीचं? आणि हे तुझं वाक्यच नाही. कुणाचं ढापलंस?”

चौतीसने माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. दारात उभ्या असलेल्या शिपाई मामांनी, ज्यांच्याकडून मी तीन वर्षांत या मजकुराच्या शेकडो झेरॉक्स काढून घेतल्या होत्या, हळूच व्हरांडा गाठला.

“नेटवरून घेतलं, आजी,” चौतीस म्हणाला.

“लिहिणाऱ्याला शाळेत कुणी मारलं नसावं,” आजी म्हणाल्या. “शंभर वेळा लिहून आण. आणि सर, तुम्ही यावर बरोबरची खूण केलीत?”

केली होती. हिरव्या शाईत.

रात्री जेवण झाल्यावर मी नमुना दुरुस्त केला आणि काही न बोलता ग्रुपवर पुन्हा टाकला. दोन मिनिटांत चौतीसचा मेसेज आला. “सर, माझं बासष्ट वेळा लिहून झालं. तुमचं?”