कानांवर विश्वास ठेवा, पण डोळे झाकून

स्पीकर घेणाऱ्यांसाठी एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतो आहे. स्पीकर कोणत्या सुराला किती आवाज देतो ते दाखवणारे आलेख न् आकडे बाजूला ठेवा, दुकानात जाऊन स्वतःच्या कानांनी ऐका, तिथल्या अनुभवी माणसाला विचारा, आणि वायरवर पैसे वाचवू नका, असा त्याचा सारांश. वाचताना पटतो. मलाही पटला होता आणि त्यापायी मी चाळीस हजारांची जोडी घरी आणली, म्हणून लिहितो आहे.

‘दुकानात ऐकलं की कळतं.’ मलाही कळलं, असं वाटलं होतं. आधी छोटी जोडी लागली, मग महागडी. दुसरी लागताच तानपुरा भरून आला, डग्ग्याला वजन आलं. वर्षभराने मेहुण्याला घेऊन त्याच दुकानात गेलो, तेव्हा माझं लक्ष विक्रेत्याच्या अंगठ्याकडे गेलं. जोडी बदलताना तो रिमोट दाबत होता, आणि अ‍ॅम्प्लिफायरवरचा आकडा 32 वरून 36 वर गेला. आवाज वाढला की खर्ज भरीव लागतो. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवलं होतं. एखाद्या डेसिबलचा फरक तर ‘मोठा आवाज’ म्हणून जाणवतही नाही, ‘चांगला आवाज’ म्हणून जाणवतो. दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घेतल्याशिवाय केलेली तुलना मी आता मानतच नाही.

‘कान खोटं बोलत नाहीत.’ कान नसतील बोलत, पण डोळे मध्ये पडतात. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये हार्मन या स्पीकर बनवणाऱ्या कंपनीच्याच 40 कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर आधी पडद्याआड आणि मग समोर ठेवून ऐकवले. समोर दिसू लागताच मोठ्या, भारदस्त स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या, स्वस्त संचाचे घसरले. आवाज तोच होता. अनुभवी ऐकणारेही यातून सुटले नाहीत, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

‘तीस वर्षं ऐकणाऱ्याला विचारा.’ ऑलिव्ह यांनी 2003 मध्ये 268 जणांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांत दुकानदार होते, समीक्षक होते, विद्यार्थी होते आणि खास तालीम घेतलेले श्रोतेही. पडद्याआड कोणता स्पीकर सरस, याचा क्रम बहुतेकांचा सारखाच लागला. तालीम घेतलेल्यांचा फायदा इतकाच, की त्यांचे गुण पुन्हापुन्हा तसेच येत आणि फरक स्पष्ट दिसत. म्हणजे आपला साधा कान कमी प्रतीचा नाही. त्याला फक्त न्याय्य संधी हवी. दुकानातला माणूस वाईट असतो असं मी म्हणणार नाही. पण कुठल्या ब्रँडवर त्याला किती सुटतं हे आपल्याला दिसत नाही, आणि व्हिडिओखाली खरेदीची लिंक देणाऱ्याचंही तेच आहे.

‘आलेखांना काही अर्थ नाही.’ कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत टूल यांनी जे काम केलं, त्यातून निघालेल्या पद्धतीत स्पीकर फिरवून फिरवून, आडवा-उभा, 70 कोनांतून मोजतात. समोरचा आलेख सपाट आणि बाजूचे हळूहळू उतरणारे असतील, तर पडद्याआड ऐकणाऱ्यांनाही तोच स्पीकर आवडतो, असं वारंवार दिसलं आहे. मात्र आलेख तुमच्या खोलीबद्दल काही सांगत नाही, हे खरं. बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण 47 हर्ट्झचा, म्हणजे खूप खालचा, सूर घुमतो, मग स्पीकर कितीही महाग असो. म्हणूनच जो आधी ‘खोली केवढी? भिंतीपासून किती अंतरावर ठेवणार?’ असं विचारतो, त्याचं मी ऐकतो. आधी बजेट विचारणाऱ्याचं नाही.

वायरचं थोडक्यात. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पाच मीटर अंतर, जाऊन-येऊन दहा मीटर. तिचा रोध होतो 0.13 ओहमच्या आसपास, आणि स्पीकर असतो आठ ओहमचा, त्यापुढे वायरचा रोध किरकोळच. इलेक्ट्रिकच्या दुकानातली वायर पुरते.

मेहुण्याने शेवटी चौदा हजारांची जोडी घेतली. ती माझ्या जोडीशेजारी मांडली, पुढे चादर धरली, फोनच्या मीटरवर दोन्हींचा आवाज सारखा केला आणि बायकोने अदलाबदल केली. पाचपैकी चार वेळा मी त्याची जोडी निवडली.

आता दुकानात गेलो की मी एकच गोष्ट विचारतो: दोन दिवस घरी नेऊन ऐकायला द्याल का? हो म्हणणाऱ्याकडे बसतो आणि त्याचं पुढचं बोलणं नीट ऐकतो.