इथेनॉलमुळे तेलाची आयात संपेल, या दाव्याचा प्रतिवाद

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० साठीचे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेल्यापासून एक दावा सर्वत्र फिरतो आहे: मिश्रण असेच वाढवत नेले, तर ब्राझीलप्रमाणे भारतही खनिज तेलाच्या आयातीतून मुक्त होईल, परकीय चलन वाचेल आणि तो पैसा शेतकऱ्याच्या घरात जाईल. यातला शेवटचा भाग बऱ्याच अंशी खरा आहे, बाकीचा तपासून पाहावा लागेल.

प्रथम आयातमुक्तीचे पाहू. २०१३-१४ मध्ये मिश्रण जेमतेम दीड टक्का होते आणि आपण लागणाऱ्या खनिज तेलापैकी सुमारे ७७ टक्के आयात करत होतो; २०२४-२५ मध्ये हे प्रमाण ८८ टक्क्यांच्या घरात होते. ही वाढ इथेनॉलमुळे झालेली नाही. मागणी वाढत गेली आणि मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रांतले उत्पादन घटत गेले, हे तिचे कारण. पण इथेनॉलला ती रोखताही आली नाही, कारण देशात वर्षाला खपणाऱ्या सुमारे २४ कोटी टन पेट्रोलियम पदार्थांत पेट्रोलचा वाटा ४ कोटी टनांच्या आसपास, म्हणजे सहावा हिस्सा आहे. त्यातही एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिश्रणाने पेट्रोलची प्रत्यक्षात १४ टक्केच ऊर्जा भागते, आणि एकूण खपाच्या मानाने हे प्रमाण जेमतेम अडीच टक्के भरते.

परकीय चलनाची बचत खोटी नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत ती सुमारे १.४४ लाख कोटी रुपये झाली. मात्र एकट्या २०२४-२५ या वर्षात खनिज तेलाच्या आयातीचे बिल सुमारे १३७ अब्ज डॉलर, म्हणजे साडेअकरा लाख कोटी रुपयांच्या आसपास होते. शिवाय इथेनॉलसाठी मक्याची मागणी इतकी वाढली की एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताला २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागला. हा खर्च बचतीच्या हिशेबात सहसा कोणी धरत नाही.

ब्राझीलचा दाखला अर्धाच दिला जातो. तेथील इथेनॉलचा प्रो-अल्कूल हा सरकारी कार्यक्रम १९७५ चा आणि कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या मोटारी २००३ पासूनच्या, हे खरे. पण २००६ मध्ये तेलातील स्वयंपूर्णतेची घोषणा झाली, तेव्हा तिचा मुख्य आधार पेट्रोब्रास या तिथल्या सरकारी तेल कंपनीने खोल समुद्रात काढलेले तेल हा होता. त्या देशाची लोकसंख्या आपल्या सातव्या हिश्श्याएवढी आहे आणि तिथला बहुतेक ऊस पावसावर पिकतो. आपल्याकडे नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, आणि हे पाणी महाराष्ट्रात कोणाच्या वाट्याचे असते हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकात पाऊस कमी झाल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने साखरेच्या भावाच्या चिंतेने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि गाळप हंगाम सुरू असताना कारखान्यांचे नियोजन कोलमडले. ज्या इंधनाचा पुरवठा एका कमी पावसाने अडतो, त्याला आयातीचा भरवशाचा पर्याय म्हणता येत नाही.

शेतकऱ्याच्या फायद्याचा मुद्दा मात्र मान्य करायला हवा. बी-हेवी मळी (जिच्यातली साखर पूर्ण काढलेली नसते) आणि रसापासूनच्या इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर मिळू लागल्याने कारखान्यांकडील एफआरपीची, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दराची, थकबाकी कमी झाली, आणि हा कार्यक्रम चालू ठेवायला एवढे कारणही पुरेसे आहे. ते उघडपणे सांगावे. त्यावर तेलमुक्तीचा मुलामा कशाला?

कारण तेलाचा खरा प्रश्न डिझेलचा आहे. त्याचा खप पेट्रोलच्या दुपटीहून अधिक आहे, मालमोटारी, ट्रॅक्टर आणि पंप त्यावर चालतात, आणि इथेनॉल त्यात नीट मिसळत नाही. २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट असले तरी प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्याही खाली आहे. जट्रोफाच्या बियांपासून बायोडिझेल काढण्याची स्वप्ने विरली, आणि २०१८ मध्ये जाहीर झालेल्या केंद्राच्या ‘सतत’ (SATAT) नावाच्या योजनेतील ५,००० बायोगॅस प्रकल्पांच्या जवळपासही आपण पोहोचलेलो नाही. मालवाहतूक रेल्वेकडे वळवणे, बस आणि लहान मालवाहने विजेवर आणणे आणि साखर कारखान्यांतील प्रेसमडपासून (रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) गॅस काढणे, या कामांचा वेग डिझेलचा खप ठरवेल, पेट्रोलपंपावरचा ई-२० चा (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा) फलक नव्हे.